उलटी खुर्ची

आष्ट्यात माझ्या पिठाच्या गिरणीसमोर एका वेल्डरचं दुकान आहे. त्याला काहीही सांगा, "म्हाईत हाय मला" म्हणून मोकळा. मी तर त्याला सांगणंच सोडलं होतं.

गुडघ्यांपायी त्याची बायको दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती. उसाच्या ट्रॉल्या करताना उरलेले पाईप जोडून त्यानं सायकलीच्या डाव्या अंगाला खुर्ची बसवली, खाली तिसरं चाक लावलं. पहिल्या फेरीत तो वाटभर बोलत होता, ती गप्प. दुकानाशी परतल्यावर ती म्हणाली, "आवं, माझा उजवा कान कवाच गेलाय. काय बोलताय कळतच न्हाई."

"म्हाईत हाय मला," म्हणत त्यानं लगेच खुर्ची कापली आणि तोंड मागं करून पुन्हा जोडली. आता तिचा चांगला कान त्याच्याकडं आला.

काल दोघं बाजाराला निघाली. गिरणीसमोरच मागं बघत ती ओरडली, "उसाचा ट्रॅक्टर आलाय, कडंला घ्या!"

"व्हय गं," तो म्हणाला, आणि त्यानं मुकाट्यानं सायकल कडेला घेतली.

मी गिरणी बंद करून बघत राहिलो.