खालची ओळ पेंटरची

पाट्या रंगवणाऱ्या माणसाकडं रंगाच्या डब्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कारण सोपं आहे. आम्ही शिडीवर, तोंड भिंतीकडं, पाठ रस्त्याकडं. लोकांना वाटतं, ह्याला काही ऐकू येत नाही! खाली उभे राहून वाट्टेल ते बोलतात. संध्याकाळी शिडी उतरलो की अंगाला रंग चिकटलेला आणि डोक्याला किस्से. रंग रॉकेलनं निघतो. किस्से कशानंच निघत नाहीत.

आळेफाट्याला माझं आणि दामूअण्णाचं दुकान होतं. नव्वद सालानंतरची गोष्ट, फ्लेक्स यायच्या आधीची. मी आळ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. अण्णा आतल्या रस्त्यावरच्या बौद्ध वस्तीतला, वयानं मोठा आणि हातानं तर फारच मोठा. पण आमच्या स्वतःच्या दुकानाला पाटीच नव्हती! नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "अण्णा, तुमची पाटी कुठंय?"

अण्णा म्हणायचा, "ही काय, गावभर लावलीय की!"

*

आमचे हॉटेलवाले बबनशेठ. हायवेवर मिसळीचं हॉटेल. एक दिवस आले आणि म्हणाले, "विलास, इंग्लिश बोर्ड कर. मराठी पाटीला मुंबईची गाडी थांबत न्हाई, राव!"

केला. पिवळ्यावर लाल, एवढाली अक्षरं. आता बबनशेठना इंग्लिश वाचता येत नव्हतं. त्यामुळं आपण नेमकं काय लावलंय, ते चालतंय का, ह्याची त्यांना भारी धाकधूक. दारात बाकडं टाकून बसायचे आणि गाडीतून उतरेल त्याला विचारायचे, "बोर्ड वाचून आलात ना?" लोक बिचारे भिडेखातर हो म्हणायचे.

एकदा लांबचा, दक्षिणेकडचा ट्रक थांबला. बबनशेठ धावतच गेले. "बोर्ड देखके रुके ना, भाईसाब?"

ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "कौनसा बोर्ड? टायर पंक्चर हो गया!"

त्याच आठवड्यात बबनशेठनी आमच्याकडून दुसरी पाटी करून घेतली. मराठीत. 'येथे पंक्चर काढून मिळेल.'

*

आमच्या धंद्यातला एक रिवाज सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. दुकानाच्या पाटीवर वर देवाचं नाव, मग दुकानाचं, मग मालकाचं. हे सगळं मालक सांगणार, दहादा बदलणार, त्यावरून घरात भांडणं लावणार. पण सगळ्यात खाली बारीक अक्षरात पत्ता असतो, त्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही. "पत्ता काय, घाला तुमच्या मनानं," म्हणतात आणि जातात. म्हणून आम्ही म्हणायचो, वरच्या ओळी मालकाच्या, खालची ओळ पेंटरची.

मालकाचं नाव म्हणजे केवढं मोठं प्रकरण! एका किराणा दुकानात दोघं भाऊ, कोणाचं नाव आधी यावरून हातघाईवर आलेले. अण्णानं तोडगा काढला. रस्त्यावर आडवी टांगायची दुतोंडी पाटी. एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. दोघं खूश. तेवढ्यात म्हातारे वडील काठी टेकत आले. पाटी दोन्हीकडून बघितली आणि तिच्या बोटभर जाडीच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "पेंटर, माझं नाव इथं लिवा. दोघांना धरून मीच हाय."

लिहिलं. बारीक ब्रशनं, उभं. कोणाला वाचता येत नव्हतं, पण म्हातारा रोज येऊन बघून जायचा.

*

आता अण्णाच्या वस्तीचं. वस्तीनं आपलं नाव कधीचंच ठेवलं होतं, पंचशीलनगर. ज्या पिढीनं धर्म बदलला, त्याच पिढीनं ठेवलेलं. पण हायवेवरून वस्तीकडं वळणाऱ्या फाट्यावर जी सरकारी पाटी होती, तिच्यावर जुनंच नाव, जातीवरून पडलेलं. एसटीचा कंडक्टरही थांबा आला की तेच ओरडायचा. त्याच्या मनात काही नसायचं, पाटीवर आहे म्हणून ओरडायचा.

अण्णाची आई आळेफाट्याला भाजी विकायला बसायची. संध्याकाळच्या गाडीनं घरी. पण तिकीट काढायची ते पुढच्या थांब्याचं, पुलाचं. पुलावर उतरायची आणि रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन तेवढं उलटं चालत वस्तीवर यायची. आयुष्यभर! कोणी विचारलं तर म्हणायची, "चाललं की पाय मोकळं व्हत्यात."

मी एकदा अण्णाला विचारलं, हे काय रे? अण्णा ब्रश पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "विलास, फाट्यावर उतरायचं तर ते नाव तोंडानं मागावं लागतं. भरल्या गाडीत."

मला त्या पाटीचा असा राग आला की जाऊन काळा रंग फासावा. अण्णा म्हणाला, "फासशील. ते परत तेच रंगवून आणतील."

*

वस्तीनं अर्ज केलेच होते. एकदा अण्णा स्वतः कचेरीत गेला. तिथले साहेब म्हणाले, "रेकॉर्डला आहे तेच पाटीवर येणार. तुमचं नवं नाव लोकांत रूढ असेल, तर पुढं बघता येईल."

अण्णा दुकानात परत आला, स्टुलावर बसला, पाणी प्यायला. म्हणाला, "रूढ पायजे म्हणं. करू की रूढ!"

आणि मग फाट्याच्या आसपास जी जी पाटी अण्णाच्या हाताखाली आली, तिच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरात पत्ता यायला लागला: 'पंचशीलनगर फाटा, आळे'. पिठाच्या गिरणीवर आला, सायकल दुकानावर आला, लग्नाच्या मांडवाची वाट दाखवणाऱ्या बाणांवर आला. मालक विचारायचे, "हे काय लिवलं?"

"पत्ता हाय, भाऊ. पत्ता नको का?"

"हां, पत्ता पायजेच."

अडले फक्त खतवाले तात्या. फाट्यावरचं सगळ्यात मोठं दुकान. तात्या गरजले, "माझ्या पाटीवर तुमच्या वस्तीचं नाव कशाला? पूस ते!"

अण्णानं मुकाट पुसलं. नुसतं 'आळे' ठेवलं. पुढं पेरणीच्या तोंडावर तात्यांचा खताचा ट्रक आला. नवा ड्रायव्हर, त्यानं वाटेत विचारलं, खताचं दुकान कुठं? लोकांच्या तोंडात एव्हाना पाटीवरचा पत्ता बसलेला. म्हणाले, "पंचशील फाट्याला." फाट्यावर दोन खतवाले, आणि तो पत्ता पाटीवर एकाच्याच! ड्रायव्हरनं वाचलं आणि सगळा माल तिथं उतरवून मोकळा झाला. त्या दुकानदारानं तात्यांना तो परत न्यायला लावला, तेही सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत.

दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या दारात हजर. "दाम्या, टाक बाबा तो पत्ता. जरा मोठाच टाक!"

*

अशात पुण्याहून एक मॅडम आल्या. गळ्यात कॅमेरा, पायात बूट. रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा हाच त्यांच्या पीएचडीचा विषय. कोणती पाटी मराठीत, कोणती इंग्रजीत, कोणासाठी, कोण वाचतं. मला तर हसूच आलं, असला पण अभ्यास असतो! बाजारपेठेला मात्र हसू आलं नाही. त्यांना वाटलं, सेल्स टॅक्सची धाड! मॅडमनी कॅमेरा वर केला की शटर खाली. बबनशेठनी तर इंग्लिश बोर्डावर गोधडी टाकली आणि म्हणाले, "बोर्ड? आमी बोर्ड लावतच न्हाई, ताई!"

शेवटी आम्हीच मॅडमना घेऊन बाजारात फिरलो. बाई बारीक नजरेच्या. एकदा सगळे फोटो आमच्या टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "दामूअण्णा, हे पंचशीलनगर मला कुठल्याच सरकारी कागदात सापडत नाही. फक्त पाट्यांवर आहे. आणि जवळजवळ प्रत्येक पाटीवर ह्या 'श'ला सारखाच झोका आहे. एकाच हाताचा."

रस्ता रुंद व्हायचा होता, सरकारी पाट्या नव्यानं लागायच्या होत्या. हे एका पेंटरनं केलंय असं ह्यांच्या पुस्तकात छापून आलं, तर संपलंच!

मॅडमनी त्यातलेच थोडे फोटो बाजूला सरकवले. "ह्यातला 'श' मात्र दुसऱ्याच्या हातचा आहे," म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी रॉकेलचा डबा शोधायला लागलो.

मॅडम हसल्या. फोटो गोळा करता करता म्हणाल्या, "हात कोणाचा, हा माझा विषय नाही. लोक काय वाचतात, हा आहे. आणि लोक हे वाचतात." कधी नव्हे ते अण्णानं त्या दिवशी स्वतः चहा सांगितला.

*

रस्ता रुंद झाला. पाट्यांचे साहेब जीपमधून आले ते नेमके तात्यांच्या दुकानासमोर उतरले. आम्ही समोरच्या भिंतीवर शिडी लावून काम करत होतो. पाठ रस्त्याकडं, कान तात्यांकडं.

साहेबांनी विचारलं, "या फाट्याला काय म्हणतात हो?"

अण्णाचा ब्रश जागच्या जागी थांबला. तात्यांनी मनात आणलं असतं, तर एका शब्दात सगळं पुसलं गेलं असतं.

तात्या खेकसले, "वाचता येत न्हाई का, साहेब? एवढं मोठं लिवलंय!" आणि हात केला तो स्वतःच्या पाटीकडं.

मनापासून म्हणाले का ट्रकची आठवण ठेवून, ते तात्यांनाच माहीत.

*

नवी पाटी लागली त्या दिवशी अण्णा आईला घेऊन फाट्यावर गेला. मीही गेलो. म्हातारीला वाचता येत नव्हतं. अण्णानं बोटानं एकेक अक्षर दाखवत वाचून दाखवलं. तिनं खांबाला हात लावून बघितला.

"रंग तुझा हाय का?"

"न्हाई आई, सरकारचा."

"मंग टिकंल," ती म्हणाली.

अण्णा हसत सुटला.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला आम्ही तिघंही होतो. बाजारचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. कंडक्टर जुना, म्हातारीला ओळखणारा. त्यानं काही न विचारता नेहमीचं पुलाचं तिकीट फाडून पुढं केलं. म्हातारीनं ते घेतलं नाही.

"हे नगं. पंचशीलनगर दे."

आवाज एवढा मोठा की पुढच्या सीटवरची माणसं मागं वळली. कंडक्टर गोंधळला. "अवो आजी, तुमी तर रोज पुलावर उतरता!"

म्हातारीनं मांडीवरचं टोपलं नीट केलं.

"पुलावर माजं कोन राहतंय?"