जावयाच्या हातातलं खोरं

आमच्या सरांना पगार भूगोल शिकवायचा मिळतो, पण जीव सगळा राष्ट्रीय सेवा योजनेत. सर म्हणजे माझा नवरा, मृत्युंजय. बीडला कॉलेजात आहेत. घरातला बल्ब गेला तर चार दिवस अंधारात बसतील, पण कुठल्या गावात नाली तुंबली असं नुसतं कानावर आलं की निघाले पोरं घेऊन. किती वेळा म्हटलं, अहो, एखादं शिबिर आपल्या मोरीतही घ्या. नुसते हसतात. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, आणि मी तर रागावल्याशिवाय राहू शकत नाही.

हे वेड लग्नाच्या आधीपासूनचं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कपिलधारच्या यात्रेत. हे महाराज पोरं घेऊन लोकांच्या उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होते. अप्पांना वाटलं, ग्रामपंचायतीचा माणूस असेल. हाक मारून त्यांनी आमच्या पंगतीच्या पत्रावळ्याही उचलायला लावल्या आणि वर हातावर एक केळ ठेवलं. थोड्याच दिवसांत तोच माणूस मला बघायला आमच्या ओसरीवर येऊन बसला. अप्पांच्या घशाखाली चहा उतरेना.

स्थळ चांगलं होतं. नोकरी पक्की, माणूस निर्व्यसनी, फक्त मागंपुढं कुणी नव्हतं. आई-वडील लहानपणीच गेलेले, वसतिगृहात वाढलेला पोरगा. अप्पांनी होकार दिला, पण त्या केळाची लाज काही मनातून गेली नाही. ती फेडायला म्हणून की काय, ते जावयाला एवढा मान देतात की विचारू नका. सर माझ्या माहेरी आले की बाजेवर नवी चादर येते, आई पंखा सरांकडं वळवते, अप्पा उभ्यानंच बोलतात. सरांनी माठातलं पाणी स्वतः घेतलं तरी घरात धावपळ. सर मला म्हणायचे, तुझ्या घरी मी अजून पाहुणाच आहे. मी म्हणायची, नशीब समजा. पण ज्याला कधी घरच मिळालं नाही, त्याला पाहुणचार टोचतो, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं.

यंदा सरांनी हिवाळी शिबिर घेतलं ते थेट माझ्या माहेरी. आमचं गाव चौसाळ्याहून आत. गावाखालून एक ओढा जातो. डिसेंबरात त्याला पाणी असतं, संक्रांत सरली की खडखडाट, मग उन्हाळाभर बाया हापशावर हंड्यांवरून भांडतात. सरांनी ठरवलं, ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा. म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि पात्रात भिंतीसारख्या रचायच्या. शिबिराच्या आठवड्यात भिंत उभी राहिली तर पाणी थांबेल, नाहीतर यंदाचंही गेलं. आणि गावाचा हात लागला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कारण मागं एका गावात एकट्या पोरांनीच बंधारा घातला होता. गावानं महिनाभरात गोण्या उपसून कडबा झाकायला नेल्या.

सर म्हणाले, तुझं माहेर आहे, माझं ऐकतील. मी म्हटलं, अहो, तिथं तुम्ही जावई आहात. एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई. जावयाचं कुणी ऐकत नसतं, जावयाला खाऊ घालतात. पण माझं ऐकतील ते सर कसले.

झालं तेच. उद्घाटनाला सरपंच अर्जुनरावांनी नारळ फोडला, सरांनी तासभर भाषण ठोकलं आणि खोरं उचललं. अर्जुनरावांनी ते हातातून काढून घेतलं, लांब ठेवून दिलं आणि सरांना चहाला घेऊन गेले. चहा म्हणजे एका घरी नव्हे, आख्ख्या आळीत. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या बायनाबाईनं जाहीर केलं की जावयासंगं आलेली पोरं म्हणजे वऱ्हाडच. वऱ्हाडाला कुणी राबवून घेतं होय? मग काय, पाळीपाळीनं घराघरातून पुरणपोळ्या. सकाळी प्रभातफेरी काढावी तर फेरी पहिल्याच दारात नाष्ट्याला अडायची. दुपारच्या बौद्धिकाला निम्मी पोरं घोरायची. सरांच्या खोलीत टॉवेल-टोप्यांचा ढीग लागला. पोरींची प्रमुख प्रियदर्शनी, तिनं मला फोन करून रडकुंडीला येऊन सांगितलं की मॅडम, आता खाली वाकता येईना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

निम्मं शिबिर असंच गेलं. मग एका संध्याकाळी सरांचा फोन आला. एरवी फोनवरही भाषण करणारा माणूस, त्या दिवशी दोन-तीन वाक्यांत आटपला.

"गोण्या तशाच पडल्यात, कावेरी. पाणी डोळ्यांदेखत चाललंय. आणि मला इथं कुणी कशाला हात लावू देत नाही गं."

माझं टाळकंच फिरलं. सकाळी पहिल्या बसनं चौसाळा गाठलं, तिथून टमटम, आणि घरी न जाता सरळ ओढ्यावर. बघते तर काय, बाभळीखाली खुर्ची, खुर्चीवर फेटा बांधलेले सर, भोवती पोरं हुरडा खातायत आणि काठावर सगळे बाप्ये गप्पा ठोकत बसलेत. मी पदर खोचला, खोरं घेतलं आणि गोणी भरायला लागले. मला कुणी अडवलं नाही. लेक माहेरी राबली तर कुणाचं नाक कापलं जात नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. सरांजवळ गेले आणि कानात सांगितलं की तोंडातनं एक शब्द काढायचा नाही, नुसतं खोरं उचलायचं. कुणी ओढलं तर सोडायचं आणि दुसरं उचलायचं.

सरांनी फेटा काढला, खोरं उचललं. अर्जुनराव धावलेच. जावईबापू, का म्हून लाज काढता गावाची, म्हणत त्यांनी खोरं हिसकलं आणि खाली ठेवायला वाकले.

"काका, ठेवू नका," मी म्हटलं. "तुमी ठेवलं की हे उचलत्यात."

अर्जुनरावांनी माझ्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. सरांच्या हातात तोवर टिकाव होता. दुसरा एक जण टिकाव धरायला पळाला. अर्जुनरावांना खोरं हातात घेऊन नुसतं उभं राहणं बरं दिसेना, ते मुकाट्यानं माती ओढायला लागले. प्रियदर्शनी मोठी चलाख. तिनं पोरांना डोळा मारला आणि सगळं वऱ्हाडच उठलं की हो! वऱ्हाड घामाघूम होतंय आणि गाव काठावर बसलंय, हे कुणाला बघवेल? बाप्ये भराभर खाली उतरले. दुपारपर्यंत निम्मं गाव ओढ्यात होतं. बायनाबाई दाभण-सुतळी घेऊन गोण्या शिवत होती आणि शिवता शिवता मला शिव्या घालत होती. पुढं पुढं तर कोण कुणाच्या हातातलं ओढतंय याचं कुणाला भानच उरलं नाही, पोरं आणि गाव एकाच रांगेत गोण्या सारायला लागले. एवढी हसले मी त्या दिवशी की पोटात कळा आल्या.

सगळे आले, अप्पा मात्र नाही. घराला लागून असलेल्या आपल्या किराणा दुकानाची फळी लावून आत बसले होते. संध्याकाळी घरी गेले तर म्हणाले, या चन्नप्पाचा जावई गोण्या भरतो म्हणत असेल गाव. मला राग आला आणि रडूही आलं.

"अप्पा, त्या माणसाला तुमचा मान नको," मी म्हटलं. "त्याला बाप पायजे."

अप्पा उठले आणि न जेवताच अंथरुणावर पडले. मी तोंड सांभाळायला हवं होतं, असं रात्रभर वाटत राहिलं.

शेवटच्या दिवशी भिंत पुरी होत आली. मधोमध एक फट उरली होती आणि सगळं पाणी तिथून उसळत होतं. शेवटची गोणी भिजून दगड झालेली. सर गुडघाभर पाण्यात उतरले आणि तिचं एक टोक धरलं, तसे सवयीनं चार जण पळाले. तेवढ्यात काठावरून अप्पांचा आवाज आला. कपाळाला भस्म, धोतर वर खोचलेलं, तसेच पाण्यात शिरले. मला वाटलं, आता गोणी हिसकावतात आणि सगळ्यांदेखत तमाशा होतो. अप्पांनी त्या चौघांना बाजूला सारलं.

"व्हा मागं. उचलू द्या त्याला. पाहुणा न्हाई तो, पोरगा हाय माझा."

आणि वाकून दुसरं टोक धरलं.

गोणी बसली. पाणी दबकलं, मागं फिरलं आणि हळूहळू काठाला चढायला लागलं. पोरांनी सेवा योजनेची ठेक्यातली टाळी सुरू केली, गावानं त्यात आपल्या टाळ्या मिसळून ठेक्याचा पार चुराडा केला. समारोपाला सर बोलायला उभे राहिले, नमस्कार म्हणाले आणि खालीच बसले. पोरं म्हणतात, सरांचं तेवढंच भाषण आम्हाला आवडलं.

महाशिवरात्रीला माहेरी गेलो तेव्हा ओढ्यात म्हशी डुंबत होत्या आणि एकही गोणी हलली नव्हती. आम्ही दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच दुकानातून अप्पा म्हणाले, आलास का, मागं गुळाच्या ढेपी आल्यात, उतरवून घे. बाज नाही, चादर नाही, पाण्याचं कुणी विचारलं नाही. मी ओसरीवर आरामात चहा पीत बघत होते. परतताना बसमध्ये सर कंबर धरून बसले. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, लई दुखतंय. आणि असे हसत होते की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला.