जावई गोलात, सासरा टीव्हीवर

टीव्हीवर माझा थोरला भाऊ शाहीद कमरेपर्यंतच दिसतो. निळा कोट, नीट विंचरलेली दाढी, समोर काचेचं टेबल. टेबलाखाली त्याच्या पायांत रबरी चपला असतात, हे आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. डावा गुडघा कायमचा सुजलेला. बूट घालून बसला की परत येताना जिना चढवत नाही. ज्या गुडघ्याने त्याला मैदानातून उठवलं, तोच गुडघा दर रविवारी टेबलाखाली लपवून भाई लोकांना सांगत असतो, कुणाचा पास चुकला आणि का चुकला.

बाकीचे दिवस तो द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. कंटेनर उघडून घ्यायचे, ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची, घसा बसवून घरी यायचं. तरुणपणी मुंबईच्या एका बँकेच्या फुटबॉल संघात लेफ्ट बॅक होता, डावी बाजू राखणारा. राज्याच्या संघातही निवड झाली होती, पण तिथे बहुतेक वेळ बाकावर बसून गेला. हे तो स्वतःच सांगून टाकतो, कुणी विचारायच्या आधी. मराठी क्रीडा वाहिनीला जिल्हा लीगसाठी मराठीत बोलणारा जुना खेळाडू हवा होता. एकदा बोलावलं, मग बोलावतच राहिले.

भाभी वारल्या तेव्हा त्याची रुमाना लहान होती. समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, त्यामुळे पोर माझ्याच हाताखाली वाढली. वेणी घालायला मात्र भाई स्वतः शिकला. इतकी घट्ट घालायचा की ती ओरडायची, "अब्बा, डोकं आहे, गोलाची जाळी नाही!"

म्हणून तिच्यासाठी तौसीफचं स्थळ आलं तेव्हा आईच्या जागी मीच बसले. पोरगा तळोज्याचा, तिथल्याच कारखान्यात शिफ्टला जातो, नमाजी आहे, बोलतो कमी. रुमानाने मान हलवली आणि मी शुकरान्याची दोन रकात नमाज पढले. अडचण एकच होती. तौसीफ लीगमध्ये तळोज्याच्या संघाचा गोलकीपर. आणि भाई त्या वर्षभर टीव्हीवर सांगत होता की जिल्ह्यात असा कीपर दुसरा नाही. स्थळ यायच्या कितीतरी आधीपासून सांगत होता, हे अल्लाह जाणतो आणि मी जाणते. पण लोकांना कोण पटवणार?

"लीग संपेपर्यंत कुणाला कळता कामा नये," भाईने दोन्ही घरांना बजावलं. "मंगनी नंतर करू. मी त्या पोराबद्दल बोलतो टीव्हीवर."

सगळ्यांनी कबूल केलं. आणि मग ईद आली.

आमच्यात शब्द दिला-घेतला की पहिल्या ईदला मुलाच्या घरून मुलीला ईदी येते. जोडा, बांगड्या, शेवया, खजूर, सगळं मोठ्या थाळात मांडून वर लाल जरीचं कापड. तौसीफच्या आईने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. पण मुलीची ईदी अडवून ठेवायची, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. तिने भर दुपारी रिक्षातून थाळ पाठवला माझ्या घरी. आमच्या घराखाली माझ्या नवऱ्याची, ताहेरची, बेकरी आहे. बेकरीसमोर बाकडं आहे. आणि बाकड्यावर त्या वेळी दोघे शीरखुर्मा पीत बसले होते. एक कल्पेश, बेलापूरला ऑफिसात जातो, फुटबॉलचा सगळा हिशेब मोबाइलमध्ये बाळगतो. दुसरा दयाराम, करंज्याहून सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात येतो.

लाल कापड जिन्यावरून वर जाताना कल्पेशने पाहिलं. ताहेरकडे पाहिलं. ताहेरला खोटं बोलता येत नाही, तो खारी बिस्किटं नीट लावायला लागला.

"कुठून आलं, ताहेरशेठ?"

"तळोज्याहून."

झालं! त्या दिवसापासून खालच्या बाकड्यावर दुसरा विषय नाही. मी वर कांदा चिरत असले तरी खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

"तरीच म्हटलं, प्रत्येक रविवारी तौसीफ, तौसीफ! जावयाची जाहिरात चाललीय टीव्हीवर."

"अरे, तो कौतुक करत होता तवा ठरला पन नव्हता," दयाराम म्हणायचा.

"तुला काय माहीत? आणि तसं बघायला गेलं तर शाहीदभाई खेळला किती? राज्याच्या टीममध्ये बाक गरम केला. त्याने कीपरबद्दल बोलावं?"

"आमी करंज्याला त्याचा खेल बगितलाय. गुडघाभर चिखलात. त्याच्या बाजूनं एक मानूस पुढं गेला नाय."

"चिखलातला खेळ वेगळा, दया. टीव्हीवर बसायला लायकी लागते."

"लायकी तुजी काय? मोबाइल?"

ताहेर मध्येच म्हणायचा, "ए, हळू. वर त्याची बहीण आहे." मग दोघे हळू बोलायचे, ते मला जास्तच नीट ऐकू यायचं.

भाईच्या कानावर सगळं जात होतं. तो मला एवढंच म्हणाला, "खतू, बोलू देत. माझं चुकलं तर बोलतीलच." पण पुढच्या रविवारी त्याने तौसीफचं नावच घेतलं नाही. त्या दिवशी पोराने पेनल्टी अडवली होती. कल्पेश खालून म्हणाला, "बघा, आता लपवतोय!" म्हणजे बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत. भाईची इतक्या वर्षांची जपलेली जबान एका बाजूला आणि बिनआईच्या पोरीचं घर दुसऱ्या बाजूला. तसबीह हातात घेतली की दाणे पुढे सरकायचे आणि मन तिथेच.

आणि तो ईदीचा थाळ माझ्या कपाटावर. आमच्यात थाळ मुलीकडून भरून परत जातो, मंगनीच्या दिवशी, आणि मुलाच्या आईने त्यातलं आपल्या डब्यात काढून घेतलं की शब्द पक्का. ठरलेलं मोडलं तर तो रिकामा जातो. रोज झाडताना माझी नजर त्याच्यावर जायची.

फायनलला तळोजा आणि उरण समोरासमोर. ताहेरने बेकरीतला टीव्ही बाकड्याकडे फिरवून ठेवला. मी वर असरची, दुपार कलल्यावरची, नमाज पढत होते. खालून एवढा गलका झाला की तिसरी रकात चालू आहे की चौथी, तेच कळेना. शेवटी भुलीसाठीचा सजदा-ए-सहव करून सलाम फेरला आणि ओढणी सावरत जिन्यात आले.

एक-एक बरोबरी होती. शेवटची मिनिटं. उरणचा कॉर्नर. तौसीफ गोल सोडून पुढे धावला, एका उंच गड्यावर आदळला, खाली पडला, आणि बॉल त्याच्या मागे जाळीत. तौसीफ दोन्ही हात वर करून, "धक्का दिला, धक्का दिला!" ओरडत रेफ्रीकडे धावला. रेफ्रीने मान हलवली. उरण जिंकलं.

"फाउल! शंभर टक्के फाउल!" कल्पेश ओरडला. तो तळोज्याच्या बाजूचा होता. मग त्याचा चेहरा बदलला. "आता बघू. संध्याकाळी सासरा काय बोलतो."

"काय बोलायचा तो बोलल," दयाराम म्हणाला.

मी वर आले. मगरिबच्या जरा आधी फोन वाजला. तौसीफची आई.

"खतीजाआपा, पोराने जेवण सोडलंय. हात सुजलाय. संघातले सगळे त्यालाच बोलतायत. शाहीदभाई टीव्हीवर दोन शब्द बरे बोलतील ना? बापाच्या जागी आहेत आता."

मी म्हटलं, "इन्शाअल्लाह, सगळं ठीक होईल." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि लगेच भाईला लावला. बंद. स्टुडिओत गेला की फोन बंद ठेवतो तो. पुन्हा लावला. पुन्हा बंद. रुमाना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"फुफी, अब्बांना काही सांगू नकोस."

"का गं?"

"तू सांगितलंस तर ते तुझ्यासाठी बोलतील. मग मला कुणाचंच खरं वाटणार नाही."

दिवस मावळल्यावर मगरिब पढून आम्ही दोघी खाली बेकरीत आलो. एरवी मी बाकड्याकडे फिरकत नाही. त्या दिवशी दयारामने उठून जागा दिली. "बसा, वयनी." कल्पेश जरा आक्रसून बसला.

भाई दिसला. निळा कोट. निवेदिकेने तोच कॉर्नर पडद्यावर लावला आणि विचारलं, "शाहीदसर, गोलकीपरला धक्का लागला का?"

भाईने पडद्यावरून नजर काढून कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आधी एक सांगतो," तो म्हणाला. "हा गोलकीपर माझा होणारा जावई आहे. माझ्या मुलीचं त्याच्याशी ठरलंय. पनवेलात ईदपासून लोकांना माहीत आहे, टीव्हीवर मी आज सांगतोय. आधीच सांगायला हवं होतं. आता माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा."

रुमानाने माझं मनगट धरलं.

"धक्का नाही," भाई म्हणाला. "चित्र हळू लावा. बॉल सुटला, तो थांबला, मग निघाला. निघायचं होतं तर बॉल पायावरून सुटल्याबरोबर. गोलाची लाइन सोडायला उशीर झाला. गोल त्याच्या चुकीने झाला."

मग जाहिरात लागली. कुठल्यातरी तेलाची.

ताहेरने हळूच टीव्हीचा आवाज कमी केला. कल्पेश मोबाइलकडे बघत राहिला. मग आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बोलला खरं. पण लेफ्ट बॅकला कीपरिंगमधलं काय कळतं, हा प्रश्न उरतोच."

"आता तरी गप बस ना रं बाबा," दयाराम म्हणाला.

तळोज्याहून फोन आला नाही. रात्रीची इशाची नमाज झाली, जेवणं झाली, फोन नाही. भाई आला तेव्हा मी दारातच होते. चपला काढून गुडघा धरून बसला.

"पोरगी रडली का?"

"नाही. सांदणाचा रवा भिजत घालतेय."

"सांदणं? आज?"

रुमाना आतूनच म्हणाली, "थाळ मागायला आले तर रिकामा कसा द्यायचा, अब्बा? भरून ठेवते. मग न्यायचा की नाही ते त्यांनी ठरवावं."

भाई गुडघा धरत उठला आणि तिला नारळ सोलून द्यायला आत गेला.

सोमवारी सकाळी तिने सांदणं वाफवली. नारळाच्या दुधाची, पांढरीशुभ्र. फोन अजून नव्हताच. मला ते बसून वाट बघणं सहन होईना. ते मागायच्या आधी आपणच घेऊन गेलं, तर आमच्याकडून शब्द कायम आहे एवढं तरी कळेल. पण त्यांनी थाळ हातात घेतला नाही, तर? भरलेला थाळ घेऊन त्याच रिक्षाने, त्याच बाकड्यासमोरून परत यायचं? ताहेर म्हणाला, "जा. मी आहे इथे." लाल कापड झटकून मी तेच वर घातलं, आयतुल कुर्सी पढत निघाले.

तळोज्यापर्यंत रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्यात थाळ दोन्ही हातांनी धरून होते. कारखान्यांचा तो वास आला, म्हणजे घर जवळ आलं. दार तौसीफच्या आईनेच उघडलं. सलामाचा जवाब दिला, बसायला सांगितलं. थाळाकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. मी तो मांडीवरच ठेवून बसले.

"आपा, सगळ्या जिल्ह्यासमोर," ती म्हणाली. "घरात बोलले असते, चार थपडा मारल्या असत्या, मी काही म्हटलं नसतं. पण टीव्हीवर? जावई म्हणून नाव घेऊन?"

भाई खरं बोलला असं म्हणावं, तर तिच्या पोराच्या जखमेवर मीठ. माफी मागावी, तर भाई खोटा ठरला. मी मनात दरूद पढत राहिले.

आतून तौसीफ आला. रात्रपाळी करून आला असावा, डोळे लाल, उजव्या हाताला पट्टी. माझ्यासमोर खाली बसला. कापडाचं टोक उचलून बघितलं.

"सांदणं?"

"रुमानाने केलीत."

त्याने डाव्या हाताने एक उचललं. खाता खाता म्हणाला, "फुफी, शाहीदचाचांना सांगा, ते चुकले."

त्याची आई माझ्याकडे बघू लागली.

"धक्का नव्हता, ते बरोबर. मी रागात ओरडलो. पण लाइन सोडायला उशीर झाला, हे चूक. लाइन सोडायचीच नव्हती. तो बॉल बाहेर वळत होता. जाग्यावर राहिलो असतो तर छातीवर आला असता. त्यांना लेफ्ट बॅकसारखं दिसतं, पुढे धावायचंच दिसतं. कीपरचं वेगळं असतं."

"हे तूच सांग त्यांना," मी म्हटलं.

"सांगणारच आहे. रविवारी येतो, मॅच पुन्हा लावून दाखवतो."

त्याने दुसरं सांदण उचललं. "अम्मी, खाऊन बघ."

त्याची आई मग उठली, पुटपुटली, "काल दुपारपासून अन्नाला शिवला नव्हता." आणि माझ्या मांडीवरून थाळ उचलून आत घेऊन गेली. सांदणं एकेक करून ती आपल्या डब्यात काढत होती, तो आवाज मी बाहेर बसून ऐकत राहिले.