कुलपाच्या मापाचा गाडा

आमच्या शाळेत आधी कुलूप आलं आणि मग त्याला साजेसा गाडा करायचं ठरलं. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच तसं झालं. नागपूरच्या इतवारीतल्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं, आणि संस्थेच्या बैठकीला मी पहिल्यांदा बसले ती या गाड्यापायीच. सेक्रेटरी कापडाचे ठोक व्यापारी होते. त्यांनी पिशवीतून आपल्या गोदामाचं एक जुनं कुलूप काढून टेबलावर ठेवलं, तर टेबल हललं. "आता याच्या हिशोबानं काय करायचं ते तुम्ही पाहा, बाई," असं म्हणून ते चहाकडे वळले.

शाळा एका धान्याच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरायची. सकाळी त्याच खोल्यांत संस्थेची मुलांची शाळा आणि दुपारी आमची. प्रयोगशाळेला जागाच नव्हती, म्हणून प्रयोगाचं सामान चाकांच्या कपाटात, म्हणजे गाड्यात, ठेवायचं ठरलं. शिक्षण खात्यानं मुलींच्या वर्गाला विज्ञान एका वर्षापुरतं दिलं होतं. तपासनीस येऊन पाहणार, प्रयोग होताना दिसले तर विषय राहणार, नाही तर मुली परत गृहशास्त्राला. गृहशास्त्र म्हणजे शिरा, क्रोशाचा रुमाल आणि बाळाला आंघोळ कशी घालावी. माझं शिऱ्याशी काही वैर नाही. पण मॅट्रिकला विज्ञान नसलं की पुढची कितीतरी दारं बंद व्हायची, आणि हे मुलींना पक्कं ठाऊक होतं.

त्यातली एक शहराच्या दुसऱ्या टोकाहून, इंदोऱ्याच्या वस्तीतून पायी यायची. बाप मिलमध्ये फिटर. नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा ती आईच्या कडेवर होती, आता नववीत. पहिल्याच दिवशी वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, मले डॉक्टर व्हायचं आहे. सायन्स राहीन ना?" मी म्हटलं, राहील. कोणाच्या भरवशावर म्हटलं, देव जाणे. पण एकदा तोंडातून गेलं म्हटल्यावर त्याची काळजी माझ्या गळ्यात पडली.

गाडा कसा हवा, हे मी ठरवायचं होतं. सामान सकाळच्या पोरांच्या हाती लागू नये म्हणून कुलूप पाहिजे. तास झाला की सामान हेडमास्तरीणबाईंच्या खोलीत गेलं पाहिजे म्हणून चाकं पाहिजेत. आणि आमचा जिना मधे असा वळला होता की खजिनदारही तिथे आडवे होऊन चढत, मग तयार कपाट कुठून चढणार? म्हणून सुटे भाग वर न्यायचे आणि वरच जोडायचे. मी आलेखाच्या कागदावर सगळं मापानं काढलं. परीक्षानळ्यांना लाकडी घोडी, बाटल्यांना कठडा, स्पिरिटच्या दिव्याला वेगळा कप्पा. जोडायचे सगळे नट आतल्या बाजूनं, म्हणजे दार उघडल्याशिवाय कोणी खोलू शकणार नाही. मला तो नकाशा फार आवडला होता.

समितीनं तो टेबलावर पसरला आणि एकच विचारलं, "यात कुलूप कुठे आहे?"

मी बोट ठेवून दाखवलं. ते त्यांना लहान वाटलं. कुलूप लांबून दिसलं पाहिजे, असं एकानं म्हटलं. दुसऱ्यानं म्हटलं, लांबून तर दिसलंच पाहिजे. त्या कुलपाच्या वजनानं दाराची फळी फाटली असती, म्हणून फळी जाड केली. फळी जाड झाली म्हणून चाकं मोठी केली. चाकं मोठी झाली म्हणून आतला एक कप्पा गेला. शेवटी कुलूप ऐसपैस बसलं आणि परीक्षानळ्यांनी अंग चोरून घेतलं. सगळ्यांनी मान हलवली आणि माझं अभिनंदन केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण नोकरी नवी होती.

गाडा करायला खजिनदारांनी आपल्या ओळखीचा मिस्त्री गाठला. हा शहराबाहेर वाडी गावाला ट्रकच्या बॉड्या बांधायचा. तिथे अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगेत मी त्याला परीक्षानळी म्हणजे काय ते बोटानं हवेत काढून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, दहा टन माल भरा. हालला तर नाव बदलीन." मी म्हटलं, अहो, काचेच्या नळ्या ठेवायच्या आहेत. "ठेवा ना. कोन नाही म्हन्ते." मग मी नटांचं सांगितलं, आतून हवेत म्हणून. त्यानं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "नट बाहेरूनच राहते. ट्रक नाही पाहिला काय कधी?"

वाद घालून काही झालं नाही. नट बाहेर आले ते आलेच, वर त्यानं आपल्या खुशीनं गाड्याच्या पाठीच्या पत्र्यावर दोन कमळं आणि त्यांच्या मधे ठळक अक्षरांत 'हॉर्न प्लीज' रंगवून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, सवयच ती.

सुटे भाग वर पोचले त्या दिवशी त्याचा माणूस एक पाना टेकवून म्हणाला, जेवून येतो. तो पोळ्याला कन्हानकडे आपल्या गावी गेला. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक झाली, मग पावसाची झड लागली, हा काही आला नाही. शेवटी मी नववीच्या मुलींना घेऊन गाडा जोडायला बसले. इंदोऱ्याच्या मुलीनं पाना असा धरला की मी आपोआप बाजूला झाले. "आधी सगळे ढिल्ले लावा वं," ती बाकीच्यांना म्हणाली, "मंग एकेक कसू." बोटं काळी करून घेत मुलींनी गाडा उभा केला. त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या की मला तपासणीची भीती वाटेनाशी झाली.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडमास्तरीणबाई, गाडा पाहायला आल्या. संस्कृत शिकवायच्या. पांढरं पातळ, ताठ मान, आवाज खालच्या पट्टीत. त्यांनी पाठीवरची अक्षरं वाचली आणि घरून एक भरतकामाची चादर आणून गाड्याच्या पाठीवर टांगली. 'हॉर्न प्लीज' झाकलं आणि सोबत सगळे नटही झाकले. मग त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

संस्थेचा नियम असा, की फुटलं तर भरपाई किल्लीवाल्याच्या पगारातून. मोठ्या बाईंनी नियमाचा नीट विचार केला होता. काच उघडल्यावर फुटते, म्हणून उघडायचीच नाही. एवढ्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. दर शनिवारी त्या कुलपावर लाख वितळवून शाळेचा शिक्का मारू लागल्या. मी किल्ली मागायला गेले की त्या म्हणत, "आज नको, आज हवेत दमटपणा आहे." दुसऱ्या आठवड्यात ऊन असायचं, तर उन्हात स्पिरिट उडून जातं. एकदा म्हणाल्या, मुलींची परीक्षा जवळ आली. मी म्हटलं, बाई, परीक्षेसाठीच तर प्रयोग. "म्हणूनच सांगते, आत्ता काही फुटायला नको."

पण वेळापत्रकात प्रयोगाचा तास होता आणि वेळापत्रक मोडणं त्यांना पाप वाटे. म्हणून तासाला गाडा यायचा. शिपाई तो खडखडत ढकलत आणायचा, फळ्यापाशी लावायचा, आणि गाडा कुलपासकट पूर्ण तास वर्गात उभा राहायचा. मी त्याच्याकडे बोट दाखवून शिकवायची. समजा, या गाड्यात एक परीक्षानळी आहे. समजा, तीत आपण मोरचूद घातलं. समजा, ते तापवलं. मुली वहीत निरीक्षण लिहायच्या, अनुमान लिहायच्या. घंटा झाली की गाडा परत. एकदा तर मागच्या बाकावरून प्रश्न आला की, बाई, समजा नळी फुटली तर? वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी जाऊन नवऱ्यावर उगीच ओरडले.

दिवाळीनंतर एका तासाला मी "समजा" म्हटलं आणि माझंच डोकं सणकलं. खडू ठेवून खुर्चीत बसले. मी खापा गावची, आमच्याकडे राग आला की तो पोटात ठेवायची पद्धत नाही, पण वर्गात ओरडायचं तरी कोणावर? तेव्हा इंदोऱ्याची ती मुलगी उठली.

"बाई, कुलपाले हात नाही लावत. मांगून उघडते हा गाडा. आमीच तर लावला."

"आणि मोठ्या बाई?"

"त्या शिक्काच पाह्यतात बाई. मांगं कोन पाह्यते?"

मी दार लावून घेतलं. पुढं जे व्हायचं होतं ते होऊ दे, असं खरोखर मनात आलं. चादर वर गेली, पाना चालला, कमळांचा पत्रा दोघींनी अलगद भिंतीला टेकवला आणि आतल्या नळ्या पहिल्यांदा उजेडात आल्या. तिनं मोरचूद तापवलं. निळे खडे पांढरे पडले, नुसती भुकटी झाली. नळी थंड होऊ दिली आणि मी एक थेंब पाणी टाकायला सांगितलं, तशी ती भुकटी परत निळी. वहीत हे त्यांनी कधीच लिहिलं होतं. तरी सगळा वर्ग टेबलावर असा वाकला की मला काही दिसेना.

मग दर तासाला हेच. समोर शाळेचा शिक्का शाबूत, मागून अभ्यासक्रम चालू. दोन नळ्या फुटल्या, त्या मी बर्डीच्या बाजारातून आणून ठेवल्या. मोठ्या बाई येता-जाता शिक्का निरखायच्या आणि संस्थेच्या बैठकीत सांगायच्या की आमच्याकडे विज्ञान अत्यंत सुरक्षित आहे.

थंडी संपता संपता तपासनीस आले. बुटके, चष्मेवाले, बोलायला कंजूष. सेक्रेटरी आणि मोठ्या बाई त्यांना घेऊन वर्गात शिरले, मागोमाग गाडा. मोठ्या बाईंनी शिक्का दाखवला. "वर्षभरात एकही वस्तू फुटली नाही."

"उघडला कधी होता?"

"उघडायची वेळच येऊ दिली नाही."

सेक्रेटरींनी अभिमानानं मान डोलावली. तपासनिसांनी मुलींच्या वह्या चाळल्याही नाहीत. वह्या काय, ते म्हणाले, जिथे काडेपेटीसुद्धा नाही त्या शाळेतही भरलेल्या असतात. मग म्हणाले, उघडा.

मोठ्या बाईंनी शिक्का फोडला. किल्ली आत जाईना. दर शनिवारची लाख थोडी थोडी कुलपाच्या भोकात उतरली होती आणि आत दगड झाली होती. सेक्रेटरींनी जोर लावला, शिपायानं जोर लावला. गोदामाचंच कुलूप ते, कशाला दाद देईल. तपासनिसांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "राहू द्या. साहित्य मुलांच्या शाळेकडे द्या. मुलींना पुढच्या वर्षी गृहशास्त्र ठीक आहे."

बोलावं तर नोकरी जात होती आणि न बोलावं तर विषय. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती मुलगी गाड्यामागे गेलेली दिसली. कोणाला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. चादर वर टाकली आणि पाना लावला. बाकीच्या मुली न सांगता उठल्या. पत्रा निघाला, तपासनिसांनी 'हॉर्न प्लीज' मनातल्या मनात वाचलेलं ओठांवरून कळलं, आणि दिवा पेटला. ती मोरचूद तापवायला लागली. नळी तिरकी, तोंड भिंतीकडे, शिकवलं होतं अगदी तसं.

खडे पांढरे झाले. थेंब पडला, निळे झाले. तपासनिसांनी तिला एक प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं. दुसरा विचारला, त्याचं दिलं. मग ते सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "विज्ञान राहील," आणि चहाला गेले. सेक्रेटरी त्यांच्यामागे सांगत गेले की गाड्याची ही मागची सोय आमच्या समितीनं मुद्दाम करवून घेतली आहे.

मुलींचा जीव भांड्यात पडला. माझा नाही, कारण मोठ्या बाई जागच्या हलल्या नव्हत्या. निकामी किल्ली हातात धरून त्या नळीकडे पाहत होत्या. मी मनाशी म्हटलं, आता बोलून घ्या काय बोलायचं ते. वर्षभर मी या बाईंवर दात-ओठ खाल्ले होते. मला त्यांची भीती वाटत नव्हती, नुसता राग होता, आणि त्या काय म्हणतात याला तोंड द्यायला मी पदर खोचून तयार होते.

"आमच्या वेळी मुलींना हा विषय नव्हता," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळलं नाही. "मी वडिलांना विचारलं होतं. मुलांच्या शाळेत आहे, तिथं बसू का म्हणून. त्यांनी मला संस्कृत दिलं."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाही राग आला.

मग त्यांनी खुर्ची ओढली, गाड्याच्या मागच्या बाजूला, मुलींच्या मधे नेऊन ठेवली आणि बसल्या. इंदोऱ्याच्या मुलीला म्हणाल्या, "परत करून दाखव. या वेळी सावकाश."