कॅमेऱ्यातली उलटी अक्षरं

कॉमिक्स महोत्सवाच्या ऑनलाइन गप्पांत लातूरहून मी आणि धर्माबादहून माझा दोस्त, असे दोघं आपापली पानं दाखवणार होतो. ऐकायला एक प्रकाशक बसणार होता आणि तो दोघांपैकी एकाचंच पुस्तक काढणार होता. दोस्ताचा हात असा, की त्यानं कागदावर मिरची काढली तर बघणाऱ्याच्या सात पिढ्यांना ठसका लागावा. मला घाम फुटला.

आठवडाभर आधी त्याचा फोन आला. "अबे, कॅमेऱ्यासमोर पान धरलं की स्क्रीनवर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसून राहिली!"

तसं फक्त त्याचं त्यालाच दिसतं, समोरच्यांना सरळ दिसतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "हाव, सगळ्यांनाच तसं दिसतं. तू उलटीच लिही ना, म्हणजे सरळ दिसतील."

गड्यानं चाळीस पानांतला एकूण एक संवाद खोडून उलटा लिहिला. त्या दिवशी तो छाती फुगवून पानामागून पान दाखवत होता. प्रकाशकानं मान वाकडी केली, चष्मा पुसला आणि शेवटी म्हणाला, "छान. पुढचे कोण?"

पुढचा मी होतो. पुस्तक माझं आलं. दोस्त अजून त्या कॅमेऱ्याला शिव्या घालतो, आणि मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं घालतो.