दोष कुठल्या फ्रेमचा

मी चौथी पास. पाचवीत गेलो नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. परळच्या गिरणीत रिंग फ्रेमवर सूत काढण्यात हयात गेली. कापडात दोष निघाला की कापड तपासणाऱ्या फोल्डिंग खात्यातून उलटा तपास सुरू व्हायचा. कापडावरून माग, मागावरून बॉबिन, बॉबिनवरच्या रंगाच्या खुणेवरून फ्रेम. मग त्या फ्रेमवाल्याला बोलवून सगळ्यांसमोर कापड दाखवायचे. मला एकदाही बोलावणं आलं नाही. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की नात माझ्या आधी वाक्य पुरं करते.

मुलगा बेचाळिसाव्या वर्षी गेला. दादरच्या ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली. माझा सासरा असाच गेला होता, म्हणून दहाव्याला आलेल्या माणसांसमोर मी बोललो, "हिच्या माहेरची छातीच कच्ची."

बायको आतून तिच्या मालवणीत म्हणाली, "तुमी माझ्या म्हायराचा नाव कित्याक घेतास? झील माझो गेलो मां?"

त्यानंतर ती चार वर्षं होती. त्या चार वर्षांत मी ते पुन्हा किती वेळा बोललो, ते इथे लिहीत नाही. तिचा भाऊ ठाकूरद्वारला राहतो. त्याने आमच्याकडे येणं सोडलं.

मागल्या वर्षी नातीला जिना चढताना धाप लागायला लागली. वय चोवीस. हॉस्पिटलात म्हणाले, हृदयाची भिंत जाड झालीय. मग रक्त तपासलं, त्यात आईबापाकडून येणारं एक अक्षर चुकलेलं सापडलं. गोळ्या सुरू झाल्या, बॅडमिंटन बंद झालं. सुनेचं रक्त साफ निघालं. म्हणजे ते माझ्या मुलाकडून आलं. आणि मुलाला माझ्याकडून, नाहीतर बायकोकडून. बायको नाही. उरलो मी.

डॉक्टरीण बाई मराठीच होती. नातीने मला तिच्यासमोर नेऊन बसवलं.

"आजोबा, शरीरातल्या एकेका पेशीत जवळजवळ दोन मीटर धागा असतो. डीएनए म्हणतात तो."

"पेशी केवढी?"

"डोळ्यांना दिसतही नाही."

"मग गुंता होणार."

"नाही होत. बारीक मण्यांवर गुंडाळलेला असतो. ती मण्यांची माळ पुन्हा वळते, पुन्हा घड्या घेते."

मला ते पटलं. गुंडाळी बरोबर असेल तर कितीही सूत मावतं. पुढे तिने सांगितलं, धागे दोन असतात, एकमेकांभोवती पीळ घेतलेले, आमच्या डबलिंगच्या सुतासारखे. त्यांच्यावर चार प्रकारची अक्षरं, आणि समोरच्या धाग्यावर प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला. पेशीची दुसरी पेशी व्हायच्या आधी पीळ उलगडतो आणि प्रत्येक धागा आपला जोडीदार नव्याने बनवतो.

"म्हणजे दोन्ही जोड्यांत एक धागा जुना, एक नवा?" मी विचारलं.

"बरोबर! हे कॉलेजच्या पोरांना दोनदा सांगावं लागतं."

मी नातीकडे बघितलं. चौथी पास.

"आणि बनवताना चुकलं तर?"

"मागोमाग तपासणारे असतात, ते बहुतेक चुका तिथल्या तिथे काढतात. पण एखादी सुटली आणि पुढची प्रत त्या चुकीवरूनच निघाली, की समोरचं अक्षरही तिला जुळणारं बसतं. मग तपासणाऱ्याला ती चूक दिसतच नाही. आजोबा, हे अक्षर तुमच्याकडून आलं की आजींकडून, एवढंच बघायचंय. ज्या घरातून आलं, त्या घरातल्यांना तपासायला हवं."

फोल्डिंग खात्याचं बोलावणं आलं ते हे असं. मी म्हणालो, "मी शहात्तर वर्षांचा आहे आणि रोज चार जिने चढतो."

"चढत असाल. तेच अक्षर एकाला काही करत नाही, दुसऱ्याला करतं."

मी उठून बाहेर आलो.

नातीने दोन्हीकडे फोन केले. प्रभादेवीचा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "तुझा आजोबाच तपासून घेत नाही, मग आमची पोरं कशाला?" ठाकूरद्वारचा मेव्हणा म्हणाला, "त्याने इतकी वर्षं आमचं नाव घेतलं. आधी त्याने सुई टोचून घ्यावी."

म्हणजे दोन्ही घरं माझ्यापाशी येऊन थांबली. तीन महिने मी खोलीतून फारसा बाहेर पडलो नाही. बाहेर कोण काय विचारेल, आणि आत नात.

"आजोबा, माझं झालं ते झालं. प्रभादेवीच्या आजोबांची दोघं पोरं रोज जिममध्ये वजनं उचलतात."

"बंद करा म्हणून सांग."

"सांगितलं. म्हणे, आधी तुझ्या आजोबांना विचार."

दोष माझा निघाला तर बायकोला मी जे ऐकवलं ते खोटं. तिचा निघाला तर मी खरा. तसंच निघावं असं मला वाटायचं. मेलेल्या बाईच्या रक्तात दोष निघावा म्हणून शहात्तर वर्षांचा नवरा आस लावून बसलाय, हे कळायचं आणि तरी वाटायचंच. कुठल्याही कुशीवर झोपलो तरी तेच.

एके सकाळी नात कामावर गेल्यावर मी एकटा चालत हॉस्पिटलात गेलो आणि हात पुढे केला. तिला संध्याकाळी सांगितलं. तिने भात वाढला.

कागद यायला काही आठवडे गेले. बाईने माझ्यासमोर ठेवला. "तेच अक्षर, तीच जागा."

"पुन्हा बघा."

"दोनदा बघितलंय आजोबा. आणि दोष म्हणू नका, बदल म्हणतात."

"आमच्यात दोषच म्हणायचे."

तसाच प्रभादेवीला गेलो. भाऊ म्हणाला, "दादा, आपल्या घराण्यात असलं काही नाही."

"आहे. हा कागद."

"कागद चुकतात."

"मीपण तेच म्हणालो डॉक्टरीण बाईला."

भावाने कागदाला हात लावला नाही. थोरल्या पुतण्याने टीव्ही बंद केला, कागद घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि मला विचारलं, "काका, उपाशीपोटी जायचं का?"

थोरला साफ निघाला. धाकट्यात ते अक्षर आहे, भिंतही जाड व्हायला लागलीय. वजनं बंद झाली, गोळ्या चालू झाल्या. वेळेत कळलं, असं बाई म्हणाली. भाऊ अजून माझा फोन उचलत नाही.

ठाकूरद्वारला नातीनेच कळवलं, तुम्हाला तपासायची गरज नाही, ते आमच्याकडचं आहे.

"मेव्हणा काय म्हणाला?" मी विचारलं.

"बरं म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. पुढचं तुम्ही जाऊन बोला."

दोनदा सदरा घालून खाली बसस्टॉपवर गेलो. दोन्ही वेळा बस आली, कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, आणि बस गेली. मेव्हण्याच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.