काकूंच्या संगणकातली एक ओळ

कचेरीत त्यांना सगळे ‘तूर्तास’ म्हणत. कुठलंही यंत्र अडलं की “तूर्तास चालवून देतो” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि चालवूनही देत, खोटं कशाला बोला! संगणक, तारा, प्रिंटर, सगळं एकट्याच्या गळ्यात. पक्कं काम करायला परत यावं, तर तोवर दुसरीकडून हाक आलेली असायची.

त्या दिवशी त्यांना नोंदणी विभागातल्या काकूंचा संगणक दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा होता. काकू वर्षानुवर्षं जुन्या कागदांच्या प्रती मोठ्या संगणकावर चढवत. दोन वर्षांपासून काम रखडायला लागलं. कुठली फाइल गेली, कुठली मध्येच अडकली, याचा त्यांना मेळ लागेना. साहेब चारचौघांत बोलायचे. सोमवारपासून काकूंनी तळघरात कागदांचे गठ्ठे लावायचे, असं ठरलं.

“एकदा बघता का हो? तसं माझंच वय झालंय म्हणा,” काकू म्हणाल्या.

तूर्तासांनी काकूंच्या संगणकाला, म्हणजे त्यातल्या लिनक्स प्रणालीला, नेटवर्कच्या तारेचा वेग विचारला. उत्तर आलं, दहा मेगाबिट. शेजारच्या टेबलावर हजार! तार बदलली, दहा. सगळ्या तारा जिथे जुळतात त्या स्विचवरची जागा बदलली, तरी दहाच. मग संगणक सुरू होताना वाचली जाणारी फाइल त्यांनी उघडली. वेग दहावर बांधून ठेवणारी एक ओळ तिथे होती. वर शेरा : ‘तार खराब, तूर्तास. नवी टाकली की काढणे.’ तारीख दोन वर्षांपूर्वीची. नवी तार त्यांनीच आठवड्याभरात टाकली होती. ओळ मात्र तशीच राहिली होती.

त्यांनी लगेच ती ओळ पुसली, संगणक पुन्हा सुरू केला. पाच मिनिटं रेंगाळणारी फाइल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गेली.

“अगं बाई! हाताला गुण आहे हो तुमच्या!”

गप्प राहणं किती सोपं होतं! खरं सांगायचं तर ते राहिलेही गप्प, चांगली दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांची लाज त्यांना जास्त वाटली.

“गुण कसला, काकू? ती ओळ मीच लिहिली होती. काढायला विसरलो. चला, साहेबांना मीच सांगतो.”

साहेबांनी बदलीचा कागद फाडला आणि तूर्तासांना यथेच्छ झापलं. ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. त्यात काही जड नव्हतं. बाहेर येऊन ते काकूंच्या टेबलापाशी उभे राहिले. आता दोन शिव्या यांनीही घालाव्यात, असं त्यांना फार वाटत होतं.

काकू मुलीशी फोनवर बोलत होत्या. आवाज कापत होता, पण चेहरा खुलला होता.

“अगं, ते मेंदूच्या डॉक्टरांकडे उद्याची वेळ घेतलीस ना, ती रद्द कर. मला काही झालेलं नाही गं. माझं डोकं शाबूत आहे.”